नऊ सीटांची गाडी

धर्माला रोग एकच होता, 'या की' म्हणण्याचा. थळला खताच्या कंपनीत त्यानं उभी हयात काढली. रिटायर झाल्यावर रक्तदाबाची गोळी सुरू झाली, गुडघ्याला पट्टा आला, पण हा मूळ रोग कुठल्याच डॉक्टरला सापडला नाही. दारात कोणी उभं राहिलं की 'या की'. ताटावर बसलेला असला की 'बसा की'. आणि चपला घालून कुठं निघालेला असला की 'चला की'. समोरचा माणूसही असा गुणाचा, की तो खरंच चालायला लागायचा.

त्यात गावची रीत. गाडी रिकामी वेशीबाहेर काढायची नाही. अलिबागला जाऊन नुसता बल्ब आणायचा असला तरी आधी आळीत हाक मारायची, "कोनाला यायचाय कं?" आणि ज्याला अलिबागला काडीचंही काम नाही तोच आधी चढतो, खिडकीही तोच धरतो. एखादा शहाणा रिकाम्या सीटा घेऊन गेलाच, तर त्याचं नाव पुढं चार वर्षं प्रत्येक पंगतीत निघतं. "मोठा मानूस हाय बाबा, एकलाच फिरतो," असं म्हणतात, आणि म्हणताना त्याच्याच पानात भात जास्त वाढतात. त्यापेक्षा शिवी बरी.

वैशाखात धर्माच्या पुतण्याची, परेशची हळद झाली. हळद म्हणजे लग्नाहून मोठं प्रकरण, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. सगळा गाव नाचला, सगळा गाव जेवला, आणि धर्माची बायको कृष्णाबाई दोन दिवस मटणाच्या टोपापाशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ती पडवीत पाय पसरून बसली, पोटऱ्यांना तेल चोळलं आणि म्हणाली,

"अवो, मना एक रात दादाच्या वरकशीत काढायचीय."

कृष्णाबाईचं माहेर रामराजच्या पलीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. तिच्या भावाची वर डोंगरात थोडी वरकस जमीन होती. पूर्वी तिथं नाचणी व्हायची, आता नुसतं रान माजलं होतं. लहानपणी ती तिथं गुरं घेऊन जायची.

"जाऊ की," धर्मा पेपरातून म्हणाला.

"आपन दोघंच."

"व्हय, व्हय."

"व्हय व्हय नको. पेपर ठेवा नि आयका. दोघंच. कोनासाठी रांधायचा न्हाय, कोनाला पानी देयाचा न्हाय. छत्तीस वर्सां झाली लग्नाला. आपन दोघंच असे कवां कुठं गेलो, सांगा मना."

धर्मानं पेपर ठेवला आणि आठवून पाहिलं. लग्नानंतर एकवीरेला गेले ते टेम्पोतून, एकवीस माणसं आणि एक बोकड. हरिहरेश्वरला गेले तेव्हा मावशीचे दिवस होते आणि दोन गाड्या भरून नातेवाईक होते. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईला झालं, तेव्हासुद्धा मांडव्याच्या लाँचमध्ये शेजारची चौघं सोबतीला होती आणि त्यांनी गेटवेवर फोटो काढून घेतले. दोघंच म्हणावं असं काही निघेना. धर्माला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. ह्या बाईनं कधी तोंड उघडून साडी मागितली नव्हती.

"नेन," तो म्हणाला. "दोघंच जाऊ. शब्द हाय माझा."

शब्द सोपा होता, रस्ता नव्हता. वरकशीपर्यंत बैलगाडीची जुनी चाकोरी तेवढी होती. मध्ये ओढा दोनदा आडवा यायचा आणि शेवटचा चढ सगळा सुट्या धोंड्यांचा. चालत जायला दोघांचे गुडघे तयार नव्हते. स्कूटर तर ओढ्यातच बसली असती. म्हणजे चारही चाकांना जोर असलेली गाडी पाहिजे, हे ठरलं.

ठरवलं चिरागनं. चिराग म्हणजे धर्माच्या थोरल्या बहिणीचा, वेणूबाईचा मुलगा. त्यानं जंगलात पाऊल टाकलं नव्हतं, पण जंगलात जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ तो जेवताना बघायचा, न जेवताना बघायचा, आणि त्याची बायको मृणाली म्हणायची की झोपेतही गिअर टाकतो. तो मामाला पेणला एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेला. तिथं दोन गाड्या होत्या. एक आखूड, चार सीटांची. दुसरी लांब, चौकोनी, पत्र्याच्या कपाटासारखी, नऊ सीटांची. पुढं दोन, मध्ये तीन, आणि मागं समोरासमोर दोन बाकडी.

"मामा, डोळं मिटून आखूड घे," चिराग म्हणाला. "चढाला हलकी, वळायला सोपी, पोट जमिनीपासून उंच. रानात लांब गाडी म्हणजे डोक्याला ताप."

धर्मानं आखूड गाडी चालवून पाहिली. मागच्या मातीच्या ढिगाऱ्यावर चढवली, उतरवली. छोट्या दांडीनं चारही चाकं जोडली की गाडी अशी निवांत चढायची, की त्याला हसू आलं. गाडी त्याला आवडली. मग त्याच्या डोळ्यांपुढं आपली आळी आली. आळीत उभी असलेली ही आखूड गाडी आली, आणि तिच्याभोवती जमलेली, आत न मावणारी माणसं आली.

त्यानं नऊ सीटांची घेतली.

घरी येताना थळच्या किनाऱ्यावर त्यानं एका कोळ्याची होडी दोर बांधून ओल्या वाळूतून वर ओढून दाखवली. म्हणजे गाडीत काही खोट नव्हती. कृष्णाबाई अंगणात आली, गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडून आत डोकावली.

"किती सीटा?"

"नऊ."

"दोघांना?"

कृष्णाबाई आत गेली आणि तिनं सुकट अशी काही परतली, की शेजारच्या घरात ठसका गेला.

संध्याकाळी नारळ फुटला, वेणूबाईनं बंपरला लिंबू-मिरची आणि काळी बाहुली बांधली, आणि नारळाचं खोबरं वाटून व्हायच्या आत गाडी भरली. शेजारचा भिकू उजव्या बाकड्यावर बसून बघत म्हणाला, "धर्मा, यो बाकडा माझा आन् हिचा." डावं बाकडं परेशनं आणि त्याच्या नव्या नवरीनं, अमिषानं धरलं, कारण त्यांना जंगलात फोटो काढायचे होते. मधल्या सीटवर चिराग, कारण तो सल्लागार, आणि मृणाली, कारण ती सल्लागाराची बायको. ड्रायव्हरच्या मागची खिडकी वेणूबाईची. तिला गाडी लागते, वारं पाहिजे.

"कवां निघायचा?" सगळ्यांनी विचारलं.

"दिवाली झाली की," धर्मा म्हणाला. आणि मग, काय करणार बापडा, तोंडातून निघून गेलं, "या की."

दारात उभी असलेली कृष्णाबाई ते ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं पुसलं आणि भांडी घासायला बसली.

पाऊस सरत आला तेव्हा तिनं पहिल्यांदा विषय काढला. "रानात पानी लागंल."

"वढा हाय ना."

"त्यात म्हशी बसतात. टाकी बसवा गाडीत."

बायको रुसवा सोडून तयारीला लागली याचाच धर्माला आनंद. त्यानं गाडी पोयनाडला रत्नपालच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नेली. रत्नपाल हा तोंडाचा फटकळ. त्याचं म्हणणं, जगातलं निम्मं लोखंड लोक हौसेपायी वाया घालवतात, आणि ते लोखंड तो आनंदानं विकायचा. टाकी कुठं बसवायची? पाण्याचं वजन मागच्या चाकावर पाहिजे, नाहीतर चढाला गाडी डोलेल. मागच्या चाकावर होतं उजवं बाकडं. बाकडं निघालं, टाकी बसली, तोटी मागच्या दाराशी आली. तोटी सोडली की झक्क धार पडायची.

भिकूला सांगताना धर्माचा जीव कासावीस झाला. "टाकी आली रे तुझ्या जागेवर."

भिकूनं जाऊन टाकी पाहिली, ठोकून पाहिली. "टाकी पायजेच," तो म्हणाला. "पान्याबिगर कसा चालंल?" आणि राग नाही, लोभ नाही, घरी गेला. माणसानं नाही म्हटलं तर माणूस जन्मभर लक्षात ठेवतो. टाकीवर कोण रागावणार?

मग कृष्णाबाई म्हणाली, चूल बाहेर मांडता येणार नाही, रानात वणवा लागतो. गॅसची शेगडी पाहिजे, सिलिंडर पक्का बांधलेला पाहिजे, भांड्यांना खण पाहिजेत. डावं बाकडं निघालं. त्या जागी लोखंडी खणांचं कपाट आलं, त्यातला एक खण बाहेर ओढला की त्यावर शेगडी. अमिषानं त्या शेगडीचा फोटो काढला, आपल्या नावानं सगळ्यांना पाठवला आणि जंगलाचं विसरून गेली.

मग कृष्णाबाई म्हणाली, मासळी न्यायची तर बर्फ दुपारपर्यंत पाणी होतं. हे ती मुद्दाम चिरागसमोर म्हणाली. चिराग उठून उभाच राहिला. गाडीत चालणारा फ्रिज असतो, मामी! त्याला वेगळी बॅटरी लागते, मामी! दोन आठवडे तो फ्रिजच्या मागं होता. कुठला घ्यायचा, तारा कुठून न्यायच्या, मांडणी कशी करायची, सगळं त्यानं स्वतः ठरवलं. मधल्या सीटचा मोठा तुकडा स्वतः पाना घेऊन काढला, फ्रिज आणि बॅटरी स्वतः बसवली, घाम पुसत दार लावलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण दोघं त्या तुकड्यावर बसणार होतो.

"आता?" मृणालीनं विचारलं.

"फ्रिज उणे अठरापर्यंत जातो," चिराग म्हणाला.

काढलेली बाकडी आणि सीट धर्माच्या पडवीत मांडली होती. एका रविवारी धर्मा दुपारची झोप काढून बाहेर आला, तर उजव्या बाकड्यावर भिकू चहा पीत बसलेला, डाव्या बाकड्यावर परेश-अमिषा, आणि मधल्या सीटवर चिराग आणि मृणाली. सगळे आपापल्या जागी. नुसती खाली चाकं नव्हती. धर्मा दारातच थबकला. त्यानं गाडीकडे पाहिलं, बाकड्यांकडे पाहिलं. कंपनीत त्याला लोक मंद म्हणायचे ते अगदीच खोटं नव्हतं, पण एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. तो आत गेला.

कृष्णाबाई कोलंबी सोलत होती.

"ती टाकी," धर्मा म्हणाला. "वढ्यात म्हशी बसत न्हायत ना?"

"दादानं सगल्या म्हशी इकल्या, त्याला धा वर्सां झाली."

"मंग मना सांगायचा व्हता."

"सांगितला व्हता की!" कोलंबी ताटात आपटली. "वैशाखात सांगितला, तेल लावताना. दोघंच म्हनाली मी. तुमी शब्द दिलात, आन् नारल फुटल्यावर 'या की' म्हनालात. तुमच्या तोंडातून 'न्हाय' निघत न्हाय, त्याला मी काय करू? म्हनून लोखंड लावत बसली. एकेकाच्या बुडाखालून जागा काढली. लाज वाटती मना, पन काढली."

धर्मा पाटावर बसला. त्याला स्वतःचीच कीव आली आणि बायकोचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

"आता आक्काची तेवढी सीट ऱ्हायली," तो हळूच म्हणाला. "तिथं काय बसवूया?"

"काय न्हाय," कृष्णाबाई म्हणाली. "छपरावरच्या तंबूची शिडी ठेवू बघितली, तर आक्का म्हनाल्या मांडीवर घेन. जादा टायर ठेवू बघितला, तर म्हनाल्या टायरवर बसन, मऊ असतो. त्यांना लोखंड पुरं पडनार न्हाय. ती तुमची भन हाय. मी आता काय बोलनार न्हाय."

इथं खरी गोम होती. वेणूबाई म्हणजे नुसती बहीण नव्हे. आई गेली तेव्हा धर्मा दुधाच्या दातांचा होता. वेणूबाई मिठागरावर कामाला जायची ती त्याला काखेत घेऊन. मिठाच्या ढिगाच्या सावलीत त्याला निजवायची आणि उन्हात स्वतः फावडं ओढायची. तिला नवरा फार दिवस लाभला नाही. ती आता सत्तरीची, चिमणीएवढी, आणि आजवर तिनं भावाला काही मागितलं असेल तर ही एक खिडकी. तिला नाही म्हणायचं? त्यापेक्षा समुद्राला भरती नको म्हणणं सोपं.

धर्मानं खूप डोकं चालवलं. साप असतात, असं तिच्यापाशी सहज बोलून पाहिलं. ती म्हणाली, मिठागरावर काय मोर होते? रस्ता फार खराब आहे म्हणाला. ती म्हणाली, म्हणून तर एवढी मोठी गाडी घेतलीस, माझ्या राजा. आणि त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. धर्मा घरी येऊन जेवला नाही.

दिवाळी झाली. निघायचा दिवस आला. सकाळी गाडी धुऊन आळीत उभी राहिली. छपरावर घडीचा तंबू, पुढं रुतलेली गाडी ओढून काढायचं दोरखंडाचं चाक, आत टाकी, शेगडी, फ्रिज, आणि फ्रिजमध्ये एक पापलेट. ज्यांच्या सीटा गेल्या ते सगळे निरोप द्यायला आले होते आणि प्रत्येक जण आपल्या जागेवर काय बसलंय ते बाकीच्यांना कौतुकानं दाखवत होता. भिकूनं तर तोटी सोडून चूळ भरली. कृष्णाबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली होती, सरळ समोर बघत. तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

वेणूबाई आली. हातात पिशवी, पिशवीत लिंबू, अंगावर स्वेटर.

"आय, तुझ्यासाठी पट्टा पन बसवलाय," चिराग म्हणाला. "बस, लावून देतो."

धर्मानं ड्रायव्हरच्या मागचं दार उघडलं. सवयच ती. वेणूबाईनं एका हातानं त्याचा खांदा धरला, दुसऱ्या हातानं दांडी धरली आणि पायरीवर पाय ठेवला. काचेतून धर्माला कृष्णाबाईची मान दिसत होती. ती मागं वळली नाही. वळली असती, रागानं बघितलं असतं, तर बरं झालं असतं, तो रागाला घाबरून तरी काही बोलला असता. ती नुसती बसली होती. हे असंच होणार हे आपल्याला ठाऊकच होतं, अशी.

"आक्का," धर्मा म्हणाला. "उतर."

"काय झाला? पिशवी इसरली कं?"

"न्हाय." हा शब्द तोंडातून आला तेव्हा त्याचा त्यालाच नवा वाटला. "तुला न्हेत न्हाय मी."

भिकूच्या तोंडात दुसरी चूळ होती, ती त्यानं गिळली.

"जागा न्हाय कं?" वेणूबाईनं विचारलं. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर.

हीच ती फट होती. एवढंच म्हणायचं होतं, जागा नाही, आक्का. कोणी रागावलं नसतं. चिरागनं अजून एक बॅटरी सुचवली असती. धर्माच्या कपाळावर घाम आला.

"जागा हाय," तो म्हणाला. "तुझ्यापुरती हाय. पन मना हिच्यासंगती जायचाय. दोघांनीच जायचाय."

वेणूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग काचेतून कृष्णाबाईच्या पाठीकडे पाहिलं. मग तिनं पाय खाली घेतला, त्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि पिशवी सावरली.

"बरा," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली. स्वेटर तिला मोठा होत होता. मागून ती आणखीच लहान दिसत होती. हा 'बरा' निदान गौरी-गणपतीपर्यंत पुरेल हे त्याला कळत होतं, कदाचित त्याच्याही पुढं. त्यानं हाक मारली नाही. मारली असती तर पुढचे शब्द कुठले आले असते, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं दार लावलं आणि गाडीत जाऊन बसला.

गाडी आळीतून निघाली, मागं एक सीट रिकामी. लोक बाजूला झाले. कोणी हात हलवला नाही.

अलिबाग मागं पडलं. धर्माला वाटलं, आता ही म्हणेल, कशाला त्यांना दुखवलंत, सगळ्या गावासमोर? त्यानं हळूच बाजूला पाहिलं. कृष्णाबाईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मना वाटला, तुमी आक्कांना बसवनार," ती म्हणाली.

"मनाबी तसाच वाटला," धर्मा म्हणाला.

कृष्णाबाईनं नाक ओढलं. मग चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून ऐसपैस बसली.